मातीचा बैल तडकला तर लगेच उत्तर देऊ नका

अंगणवाडीत नव्यानं रुजू झालेल्या ताई मला हमखास विचारतात, "लेकरांना त्यांच्या मनानं शिकू द्यायचं, मग आपण करायचं काय?" आपल्याला काम भरपूर आहे. त्यातलं बरंचसं लेकरं यायच्या आधी करायचं असतं, आणि ती समोर असताना आपले हात आवरायचे असतात.

सकाळी आधी सामान मांडा. खेळण्यांची पेटी आली नाही म्हणून आपल्या यवतमाळकडे काही अडत नाही. एका टोपल्यात सरकीसकट कापूस, दुसऱ्यात तुरीच्या वाळल्या शेंगा आणि सूप, एका गंजात पाणी आणि दोन गडवे, कोपऱ्यात भिजवलेली माती. सगळं खाली चटईवर, लेकराच्या हाताला येईल असं. उंच फळीवर ठेवलं की प्रत्येक वेळी तुम्हाला मागावं लागतं, मग निवड लेकराची राहत नाही. एका दिवशी चार-पाच जागा पुरे.

लहान दाणे आणि चिंचोके तीन वर्षांच्या लेकरांपुढे ठेवू नका, ती नाका-कानात घालतात. त्यांना मक्याची कणसं, वाट्या, पाणी द्या. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते: फवारणीचे रिकामे डबे, त्यांची झाकणं, मापं कितीही धुतलेली असली तरी अंगणवाडीत येऊ देऊ नका. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. कापूससुद्धा कुठल्या वावरातला, हे विचारूनच घ्या.

आता बसा आणि पाहा. "काय करतेस? किती झाले? रंग कोणता?" ही सरबत्ती नको. सरकी काढणाऱ्या पोरीची बोटं पाहा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्या चिमटीत ती तंतू ओढते. पुढं पेन्सिल हीच चिमूट धरणार आहे. ती रंगलेली असताना "शाब्बास" म्हणून तिला थांबवू नका.

तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्याकडे मातीचे बैल झाले. वावरातली काळी माती, छान वळली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाय तडकलेले. एक पोरगा रडकुंडीला आला, "बाई, माहा बैल फुटला!" काळी माती वाळताना आकसते, हे मला ठाऊक होतं. पण मी एवढंच म्हटलं, "मंग आता काय करावं?" कुणी म्हणे पाणी लावा, कुणी म्हणे सावलीत ठेवा. एक पोरगी म्हणाली, "माही आजी भित लिपते तं मातीत कुटार टाकते." कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. झालं, दुसऱ्या दिवशी टोपलंभर कुटार आलं. आम्ही तीन प्रकारचे बैल केले: नुसत्या मातीचे, सावलीत वाळवलेले आणि कुटाराचे. कुटाराच्या बैलांचे पाय टिकले. मी आधीच सांगून टाकलं असतं तर ती आजी अंगणवाडीत आलीच नसती. पुढचा आठवडाभर आमचा अभ्यास मातीचाच होता: विहिरीजवळची, रस्त्यावरची मुरमाड, कुंभाराकडची.

म्हणून उद्याची तयारी आजच्या प्रश्नावरून करा. रोज दोन-तीनच लेकरांबद्दल वहीत एकेक ओळ लिहा. "हुशार आहे" असं लिहू नका, "गडवा काठोकाठ भरला, न सांडता नेला" असं लिहा.

कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणारं लेकरू कोलामीत बोललं तर बोलू द्या. वस्तूचं नाव त्याच्याकडून शिका, सगळ्यांना म्हणायला लावा. गप्प बसणारी लेकरं यानं फार लवकर मोकळी होतात.

आहाराच्या वेळी ताटं लेकरांनाच मांडू द्या. एका लेकरामागं एक ताट. ताट कमी पडलं की तीच मोजतात. मदतनीस ताईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या मायेनं सगळं स्वतःच करून टाकतात.

घरचे म्हणतील, "नुसतं खेळवता, एबीसीडी कधी?" वाद घालू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केलं. पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती तिथली. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, बरीच नंतरची. पण आईला हा इतिहास ऐकवण्यापेक्षा तिला बोलवा. वेचणीच्या दिवसांत रोज जमत नाही, बाजाराच्या दिवशी ती जरा मोकळी असते. तिला लेकराशेजारी चटईवर बसवा, हातात काही देऊ नका आणि अर्धा तास तिला नुसतं पाहू द्या.