जुन्या गेमिंग पीसीत पैसे घालताना या चुका टाळा

रंगपंचमी होऊन आठवडा झाला असेल, इंदूरच्या सुदामा नगरातून भाच्याचा फोन आला. "मामा, गेम फार अडकतोय. ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हणतोय. सिल्व्हर मॉलला जाताना तू सोबत ये ना." पैसे साठवून झाले होते, सिल्व्हर मॉल या इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या दुकानदाराशी बोलणंही झालं होतं. "भिया, कार्ड डाल दो, मक्खन चलेगा," एवढ्यावर त्याचं समाधान झालेलं. मी म्हटलं, येतो, पण आधी तुझा डबा बघू दे.

डबा २०१७ सालचा. आय५ ७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय (गेमचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड), १ टीबीची हार्ड डिस्क आणि कसल्याशा नावाचा ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. त्या काळी इंदूरच्या निम्म्या पोरांकडे थोड्याफार फरकाने हाच जोड असायचा. झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा गालिचा, आणि त्यावर गुलाबी थर. गेर (रंगपंचमीची इंदुरी मिरवणूक) बघून आलेली चार पोरं रंगासकट त्याच्या खोलीत येऊन बसली होती आणि पंख्याने तो गुलाल इमानेइतबारे आत ओढून घेतला होता.

न मोजता खरेदी

सगळ्या चुकांची आई ही. "गेम अडकतो" हे ताप आल्यासारखं आहे. ताप कशाने आला ते बघायचं असतं. पाच-सहा वर्षं जुन्या मशीनमध्ये कार्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क, उष्णता आणि वीज यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो, आणि दुकानात मात्र सगळ्यांना एकच आरोपी माहीत असतो: कार्ड.

मोजायला पैसे पडत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं). त्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरचा प्रत्येक कोअर (काम करणारा गाभा) वेगळा, रॅम आणि फ्रेमटाइमचा (एक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख एवढं चालू करा. आधी व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करायला विसरू नका, नाहीतर कार्ड मुद्दाम आरामात चालेल आणि तुम्ही उगाच प्रोसेसरला दोष द्याल. मग अर्धा तास तोच गेम खेळा जो अडकतो.

कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर मर्यादा कार्डाचीच आहे. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एखादा कोअर शंभरीला टेकलाय, तर प्रोसेसर मागे पडतोय. इथे फसायला होतं, कारण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ५०-६० टक्केच दिसतो. दमलेला एक कोअर सरासरीत लपतो. खात्री करायची तर रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स भरभर वाढल्या तर कार्ड, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर. ही एक चाचणी मला दहा दुकानदारांच्या सल्ल्यापेक्षा भरवशाची वाटते.

लक्षणंही बोलतात. फ्रेम्स कमी पण एकसारख्या असतील तर बहुधा कार्ड. फ्रेम्स भरपूर आणि मधेच झटके, तर रॅम, डिस्क किंवा प्रोसेसर. पहिली वीस मिनिटं मस्त आणि मग घसरण, तर उष्णता. भर लढाईत मशीन गपकन बंद होऊन परत चालू झालं, तर आधी एसएमपीएसकडे बघा. नवा गेम टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे झटके बसतात, ते बऱ्याचदा शेडर (कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असल्यामुळे असतात. ते बसू द्यावेत, त्यासाठी पाकीट उघडू नये.

भाच्याच्या मशीनवर काय निघालं? प्रोसेसर ९७ अंशांवर. या आय५ची मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. आठपैकी साडेसात जीबी रॅम भरलेली, डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर. कार्ड बिचारं ७० टक्क्यांच्या पुढे जातच नव्हतं. नवं कार्ड टाकलं असतं तर तेही असंच बसून राहिलं असतं, फक्त जास्त महाग बसलं असतं.

उष्णतेला हिशेबात न धरणं

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारीत खोली २० अंशांवर आणि मे मध्ये ३६ वर असेल, तर आतल्या भागांचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. हिवाळ्यात ठीक चालणारा पीसी उन्हाळ्यात "म्हातारा" होतो त्याचं हेच कारण.

ब्रश आणि ब्लोअर घ्या, पीसी गच्चीवर न्या. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं गरगरू देऊ नका. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. सहा-सात वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) वाळून खडू झालेली असते; जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. लोक पोळीवर तूप लावावं तशी फासतात, त्याची गरज नाही. एवढ्यावरच भाच्याचा प्रोसेसर ९७ वरून ७६ अंशांवर आला. खर्च पेस्टच्या एका ट्यूबचा.

रॅमची एकच पट्टी

मोठा फरक, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच्याकडे. दुकानदार एक पट्टी देतात, "पुढे वाढवता येईल" म्हणतात, ते पुढे कधी येतच नाही. डीडीआर४ २४०० ची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी वाहून नेऊ शकते. दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकदम) लावल्या की ३८.४. प्रोसेसर जिथे अडतो अशा गेममध्ये झटके कमी होतात ते यामुळेच. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावू नका, बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात.

दुसरी चूक म्हणजे ३२०० ची रॅम घेऊन बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू न करणं. ती मग २१३३ किंवा २४०० वर रमतगमत चालत राहते. मात्र बी२५० सारख्या बोर्डावर २४०० च्या वर जाताच येत नाही, तिथे वेगवान रॅमचे जास्तीचे पैसे वायाच. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा डीडीआर४ ची वापरलेली पट्टी घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. घेतल्यावर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी मात्र रात्रभर चालवा.

एसएसडीकडून नको ती अपेक्षा

एसएसडीने (हार्ड डिस्कऐवजीची चिपवाली, वेगवान डिस्क) फ्रेम्स वाढत नाहीत. वाढतील या आशेने घेतलेल्या माणसाला मी भेटलोय, तो अजून नाराज आहे. पण जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि बारीक बारीक फायली वाचण्यात तर दोघींची तुलनाच नाही. मोकळ्या जगाच्या गेममध्ये रस्ता समोर येता येता लागणारा झटका याने जातो. स्टारफिल्ड आणि सायबरपंक २०७७ यांच्या किमान गरजांमध्येच आता एसएसडी लिहिलेली आहे.

घेताना बोर्डावरची एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) कोणती ते मॅन्युअलमध्ये बघा. खाच दिसायला तशीच, पण काही ठिकाणी फक्त साटा चालते, काही ठिकाणी त्याहून वेगवान एनव्हीएमई. अनेक एच११० बोर्डांवर ती नसतेच. नसली तर साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, गेममध्ये एनव्हीएमईशी तिचा फरक फारसा जाणवत नाही.

कार्ड घेताना डोळे झाकणं

समजा मोजलं आणि खरंच कार्डच अडतंय. तरी इथे खड्डे बरेच आहेत, आणि सगळ्यांत फसवा खड्डा जुन्या बोर्डवाल्यांसाठीच खणलेला आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड बोर्डाशी बोलायला पीसीआयई ४ या रस्त्याच्या फक्त चार लेन वापरतं. नव्या बोर्डावर ते ठीक, पण भाच्याचा बोर्ड पीसीआयई ३ चा. तिथे त्याच चार लेनमधून निम्मा माल जातो, त्यात व्हीरॅम ४ जीबीच. ती भरली की कार्ड गुडघ्यावर येतं. आरएक्स ६६०० आठ लेनचं आणि ८ जीबीचं आहे, त्याला जुना बोर्ड एवढा जाचत नाही. आरटीएक्स ३०६० ला पूर्ण सोळा लेन आहेत आणि १२ जीबी व्हीरॅम. इंटेलचं आर्क बी५८० पैशाच्या मानाने चांगलं म्हणतात, ते खरंही आहे, पण नव्या मशीनवर. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या बोर्डावर ते लंगडतं.

वीज बघा. १०५० टीआय ७५ वॉटमध्ये चालायचं, म्हणून त्या कसल्याशा एसएमपीएसने इतकी वर्षं निभावून नेलं. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, ३०६० ला १७०. एसएमपीएसवर छापलेल्या ४५० वर जाऊ नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा. गुणाकार २५०-३०० वॉटवरच थांबला तर समजा की उरलेले वॉट स्टिकरवरच राहतात. एसएमपीएस बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप बघा, ते ७० वॉटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. आणि हो, कॅबिनेटची लांबी पट्टीने मोजा. तीन पंख्यांचं कार्ड घरी आणून हार्ड डिस्कचा पिंजरा करवतीने कापणारा एक मित्र मला आहे.

वापरलेलं कार्ड घ्यायला मी नको म्हणणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं) थांबलं आणि बाजारात अशा कार्डांचा पूर आला. त्यातली कित्येक अजून नीट चालतात. पण विकणाऱ्याच्या घरी बसून अर्धा तास फरमार्क ही कार्डाला ताण देणारी चाचणी चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके येतात का बघा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड लावून नाव तपासा. जुन्या चिपवर बायोस बदलून "१०५० टीआय" म्हणून विकलेली कार्डं असतात. आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर हवेत. २०४८ दिसले तर ते दुसरंच, हळू चालणारं कार्ड आहे, भाव तसा द्या.

सॉकेटचा आकडा जुळला म्हणून प्रोसेसर उचलणं

ही माझी स्वतःची चूक. माझाही बोर्ड बी२५०, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एलजीए ११५१. एका ओळखीच्याकडे आय५ ९४००एफ स्वस्तात मिळाला, त्यावरही ११५१ लिहिलेलं. बसला अगदी झक्क. पंखा फिरला, पडदा काळाच. आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरना ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. सॉकेटचा आकडा तोच ठेवून इंटेलने आतली जोडणी बदलली होती. ओळखीच्या माणसाने परत घेतला, पण वर्षभर चिडवत होता.

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवाल्यांचं नशीब मात्र थोर. २०१७ चा रायझन ५ १६०० काढून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसू शकतो. बोर्डाच्या साइटवर यादी बघा आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. आधी बदलून मग अपडेट करू म्हणाल तर पडदा माझ्यासारखाच काळा.

सातव्या पिढीच्या इंटेलवर पैसे घालण्याआधी हेही बघा: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत आय५ ७४०० नाही. १०५० टीआयच्या पिढीला एनव्हिडियाकडून नव्या गेमसाठीचे ड्रायव्हरही आता मिळत नाहीत. म्हणून असल्या मशीनवर मी खर्चाचे दोन ढीग करतो. एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, आणि जरा वरचं कार्ड हे पुढच्या डब्यात जाऊ शकतात, तिथे हात सैल सोडतो. जुन्या सॉकेटचा आय७ बोर्डाबरोबरच भंगारात जायचा, तिथे मूठ आवळतो.

उरलेल्या बारीकसारीक

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवणारे खूप आहेत, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला. मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डाच्या पोर्टात नाही. आणि यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी तो साधारण ३६० वॉटच देतो. मोठं कार्ड टाकल्यावर वीज गेली की तो पीसीसकट झोपतो, मग लोक नव्या कार्डाला शिव्या देतात.

भाच्यासाठी शेवटी सिल्व्हर मॉलमधून एक वापरलेली ८ जीबीची पट्टी आणि ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. आता कार्ड खरंच ९८ टक्क्यांवर चालतं, म्हणजे यापुढे मर्यादा त्याचीच, आणि हे भाच्याच्या लगेच लक्षात आलं. कार्डाचे पैसे मात्र ताईने काढून घेतलेत. बारावीचा निकाल लागायचाय, आणि तिचं म्हणणं, आधी बोर्ड, मग मदरबोर्ड.