ऑक्सिजनवरच्या पेशंटसाठी कुणी ‘स्टेम सेल’ सुचवलं तर आधी काय तपासायचं

फ्लू, कोविड किंवा तशाच एखाद्या विषाणूनं फुफ्फुसं भरून पेशंट आयसीयूत गेला, की एकदोन दिवसांत नातेवाइकांच्या कानावर कुणीतरी ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ घालतं. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांपासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनतात. रक्कम लाखांत असते. घरात तूर विकायची बाकी असते, मग सावकाराकडे फेरी होते. ती फेरी मारण्याआधी हे वाचा.

विषाणूच्या न्यूमोनियासाठी भारतात कुठल्याही स्टेम सेल औषधाला मंजुरी नाही. ते द्यायचं तर फक्त नोंदणी झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर उपचार तपासून पाहणाऱ्या चाचणीत. आणि आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा ट्रायलमध्ये पेशंटकडून स्टेम सेलचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे निम्मी तपासणी एकाच प्रश्नात उरकते: “भाऊ, पैसे किती लागन?” समोरच्यानं आकडा सांगितला, की ते ट्रायल नाही.

फुकट म्हणत असतील तर सीटीआरआय नंबर मागा. CTRI ही देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. नंबरात आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक येतो. मोबाइलवर सीटीआरआयची साइट उघडून तो शोधा. पैसे लागत नाहीत. नोंदीत चार गोष्टी पाहा. आजार हाच आहे का? (गुडघ्याच्या ट्रायलचा नंबर फुफ्फुसासाठी दाखवणारे भेटतात.) तुमच्या दवाखान्याचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का? भरती सुरू आहे का? एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित पाहणाऱ्या समितीची मंजुरी आहे का? ‘नंबर नंतर येईल’ हे उत्तर चालत नाही. 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी लागते.

संमतीपत्र मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी न्या. प्रमुख डॉक्टरचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्यात हवा. खऱ्या पेशींऐवजी साधं सलाइन मिळण्याची शक्यता असेल, तर तेही लिहिलेलं हवं. कधीही बाहेर पडता येईल आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळेल, हेही हवं. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर कायद्यानं मान्य असलेला नातेवाईक सही करतो. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून घ्यायचं, मग अंगठा.

आता उपचाराबद्दल. वापरतात त्या मेसेन्कायमल पेशी: अस्थिमज्जेतून, नाळेतून किंवा चरबीतून काढून वाढवलेल्या. शिरेतून सोडल्या की बहुतेक आधी फुफ्फुसातच अडकतात. तिथं त्या नवं फुफ्फुस उगवत नाहीत. दाह कमी करणारी द्रव्यं सोडतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. कल्पना चांगली आहे, पुरावा मात्र तोकडा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 60 पेशंटच्या ट्रायलमध्ये किलोमागे 1 कोटी पेशी दिल्या (वजन उंचीवरून काढलेलं), म्हणजे 60 किलोला 60 कोटी. देणं सुरक्षित दिसलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर काही पिशव्यांत निम्म्याहून कमी जिवंत निघाल्या. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या 222 पेशंटची ट्रायल किलोमागे 20 लाखांचे दोन डोस देऊन झाली. फायदा दिसण्याची चिन्हं नव्हती, म्हणून ती मध्येच थांबवली.

ट्रायल खरी असेल तर काय घडायला हवं, ते माहीत असू द्या. गोठवलेली पिशवी द्रव नायट्रोजनच्या डब्यात, उणे 150 अंशांच्या खाली येते. तिच्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, डब्यासोबत प्रवासातल्या तापमानाची नोंद असते. 37 अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत वितळवायची, जिवंत पेशी मोजायच्या आणि काही तासांत संपवायची. रक्त चढवतात तसल्या गाळणीच्या सेटनं सावकाश जाते. नाडी, बीपी, ऑक्सिजन पाहायला माणूस शेजारी उभा लागतो. गोठवताना घातलेल्या द्रव्यामुळे पेशंटच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, त्यानं घाबरू नका. भीती वेगळ्या गोष्टींची: अंगावर पित्त उठणं, जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी. या पेशींच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारं प्रथिन असतं, आणि या आजारात रक्त आधीच घट्ट झालेलं असतं.

थर्माकोलच्या डब्यात बर्फ, वर बिनलेबलची कुपी, असं कुणी आणलं तर हात लावू देऊ नका. ‘तुमच्याच पोटाच्या चरबीतून आज काढून आजच देतो’ हेही नको. पेशी वाढवायलाच काही आठवडे लागतात. ‘एक्सोसोम’ची (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म कणांची) वाफ हा त्याच दुकानातला दुसरा माल.

सगळ्यात मोठा धोका इंजेक्शनचाही नाही, त्यासाठी पेशंट हलवण्याचा आहे. हिशोब करून पाहा. ॲम्ब्युलन्समधल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर अडीच तास. गडचिरोलीहून नागपूर चार तासांच्या आसपास धरा, म्हणजे 2400 लिटर. वाटेत गाडी अडली तर आणखी. भरलेले दोन सिलिंडर नसतील तर निघू नका. रेफर करायचंच असेल तर 108 ला फोन करून आणि पुढच्या दवाखान्यात बेड आहे हे डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून पक्कं करून. व्हेंटिलेटरची सोय नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इथल्या मोठ्या दवाखान्यांत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

जे खरंच जीव वाचवतं ते स्वस्त आहे, त्याचा पाठपुरावा करा. इन्फ्लुएन्झाचा संशय असेल तर ओसेल्टामिविर, मोठ्या माणसाला 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 5 दिवस; पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर उत्तम, रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन लागत असेल तर डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त 10 दिवस. ऑक्सिजन लागत नसताना तेच औषध नुकसान करू शकतं आणि फ्लूमध्ये त्यानं बिघडू शकतं, म्हणून गावातल्या दुकानातून आणून देऊ नका. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटला दिवसातले निदान 16 तास पालथं ठेवतात. नातेवाईक पाहून हबकतात, पण तो उपचार आहे.

आणि मुळात आजार विषाणूचाच आहे का? पावसाळ्याच्या शेवटी, गवतात काम केलेल्या माणसाला ताप आणि धाप असेल तर स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा ताप) विचार व्हायला हवा. 2018 मध्ये नागपूर आणि आसपास त्याची मोठी लाट येऊन गेली. काखेत, जांघेत, करदोड्याखाली, छातीखाली बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, कपडे काढून पाहा. ती दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही. डॉक्टरांना दाखवा; त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि ते वेळेवर मिळालं तर व्हेंटिलेटरची वेळच टळू शकते. फवारणी करून आला असेल तर तेही सांगा, औषधाचा रिकामा डबा सोबत न्या.

घरात सिकलसेल असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. सिकलसेलच्या पेशंटला छातीत दुखून धाप लागते तेव्हा न्यूमोनियासारखंच दिसतं, पण उपचार वेगळा, कधी रक्त बदलावं लागतं. एजंट नेमका इथंच गोंधळ घालतात: सिकलसेल, थॅलेसेमिया, रक्ताचा कॅन्सर यांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, तेही स्टेम सेलच, म्हणून ‘सरकारमान्य’ कागद दाखवतात. तो कागद रक्ताच्या आजाराचा असतो.

पैसे देऊन बसला असाल तर पावती, पिशवीच्या लेबलचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर किंवा अमरावती कार्यालयात द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.