वाहन अपघातात जखमी झालात, तर भरपाईचा दावा मुदतीत कसा दाखल करावा

'क्लेमची काय घाई? तो कधीही टाकता येतो.' अपघातानंतर हा सल्ला देणारं कोणी ना कोणी भेटतंच. एके काळी तो बरोबरही होता. १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातली मुदतीची अट काढून टाकली होती आणि पुढे पाव शतकाहून जास्त काळ उशिराचे दावेही दाखल होत राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने ही अट परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. कलम १६६(३) प्रमाणे आता अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. उशीर माफ करण्याची जी सोय १९८८ च्या मूळ कायद्यात होती, ती या नव्या कलमात नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट करा. अपघाताची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. अपघात १० जानेवारीला झाला असेल, तर शेवटची तारीख १० जुलै. दवाखान्यातून सुटी मिळाल्याची, एफआयआर नोंदल्याची किंवा दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख इथे धरत नाहीत. ही चूक फार जण करतात.

पहिले काही दिवस

दवाखान्यात दाखल होताना रस्ता अपघाताची केस आहे हे सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस प्रकरण) अशी नोंद झाली का ते विचारा. जिन्यावरून पडल्याचं कोणी लिहवून घेतलं असेल, तर विमा कंपनीचा वकील पुढे नेमका तोच कागद काढतो. मे २०२५ पासून लागू झालेल्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तेही तिथेच विचारून घ्या.

जखमी माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर फिर्याद नातेवाइकाने दिली तरी चालते. ती उशिरा दिली एवढ्याच कारणावरून दावा खोटा ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरी उशीर न केलेलाच बरा. फिर्यादीत समोरच्या गाडीचा नंबर अचूक हवा. नंबर हाती असला की परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरून विमा कंपनीचं नाव कळतं. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि चालकाच्या परवान्याच्या प्रती तपासी अंमलदाराकडे मागा.

पोलिसांच्या मुदती

ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल तयार करायचा असतो. सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे जातो आणि कलम १६६(४) प्रमाणे तोच भरपाईचा अर्ज धरायचा असतो. या साखळीत तुमचंही एक काम आहे. पीडिताची माहिती देणारा नमुना ६ अपघातापासून ६० दिवसांत तपासी अंमलदाराकडे भरून द्यायचा.

कागदावर व्यवस्था चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. तीन महिने झाले की पोलीस ठाण्यात जाऊन अहवाल गेला का, आणि न्यायाधिकरणात त्याला दावा क्रमांक पडला का, हे विचारा. क्रमांक मिळत नसेल तर सरळ स्वतःचा अर्ज टाका.

कशाची वाट पाहू नये

फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहू नका. तो वर्षानुवर्षं चालतो आणि भरपाईचा दावा त्याच्यापासून स्वतंत्र असतो. उपचार पूर्ण होण्याचीही वाट पाहू नका. पायातला रॉड काढायचा राहिलाय, सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला मिळालेला नाही, म्हणून दावा अडत नाही. ते कागद पुराव्याच्या वेळी देता येतात.

सगळ्यात घातक ठरते ती मिटवामिटवी. गाडीमालक घरी येतो, दवाखान्याचं थोडं बिल भरतो, 'बाकीचं बघू, केस कशाला' म्हणतो. पाच-सहा महिने असेच गोडीगुलाबीत जातात आणि मग तो फोन उचलायचा बंद होतो. बोलणी चालू ठेवायला हरकत नाही, पण अर्ज दाखल करून.

विमा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधीही थांबा. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. पण विमा कंपनीशी तडजोडीत ही रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणातला दावा संपतो. कायमचं अपंगत्व आलं असेल, कमाई बुडाली असेल, तर हा सौदा तोट्याचा ठरू शकतो.

अर्ज कुठे आणि कसा

अपघात झाला त्या ठिकाणचं, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथलं, किंवा प्रतिवादी राहतो तिथलं न्यायाधिकरण चालतं. सोलापूरच्या माणसाला हैदराबादेत अपघात झाला, तर त्याने सोलापुरात दावा टाकावा. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना प्रतिवादी करा. एसटीची गाडी असेल तर महामंडळाला. सोबत ओळखपत्र, एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि उत्पन्नाचा पुरावा जोडा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लवकर अर्ज करण्यात पैशाचाही फायदा आहे. कलम १७१ प्रमाणे व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही. अर्ज जितका लांबेल, तितकं व्याज बुडतं.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर वाट वेगळी. हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, आणि तो अर्ज न्यायाधिकरणाऐवजी महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो.

सहा महिने उलटून गेले असतील तर

दावा सोडून देऊ नका. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत संपल्याच्या कारणावरून न्यायाधिकरणांनी वा उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. पोलिसांचा अहवाल मुदतीत न्यायाधिकरणात पोचला होता का, तेही वकिलाकडून तपासून घ्या. उशिराची कारणं कागदांसह मांडा. पण आदेश अंतरिम आहे. ज्यांचे सहा महिने अजून उरले आहेत, त्यांनी त्यावर विसंबून एक दिवसही घालवू नये.

निकाल लागल्यावर रक्कम कमी वाटली, तर उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत करायचं. सबळ कारण असेल तर हा उशीर न्यायालय माफ करू शकतं. मात्र वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल, तर अपीलच करता येत नाही.