गाडी बंद पडली? आधी चावीवरचा हात काढा

चालती गाडी बंद पडली की लोक सेल्फ मारत सुटतात. घर्र, घर्र, घर्र… बॅटरी उतरेपर्यंत. मग मूळ दुखणं राहतं बाजूला आणि निदान होतं, "बॅटरीच गेली होती." पाच सेकंद मारा, अर्धा मिनिट थांबा, असं तीनदा. तेवढ्यात नाही झाली तर चौथ्यांदाही होत नाही.

सेल्फ फिरतोय का, एवढंच आधी बघा. नुसता 'टक' आवाज आला तर बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पूड आणि ढिला नट तपासा. जंपवर (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) चालू होऊन पुन्हा वाटेत बंद पडली, तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, बघा. गाडी चालू असताना बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. बारा-साडेबाराच दिसत असतील तर नवी बॅटरी घालूनही ती उतरणारच.

सेल्फ जोमात फिरतोय, तरी लोक बॅटरी बदलतात. हे मला आजवर कळलेलं नाही.

शिरवळला माझं गॅरेज. तीन-चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं. गाडी खंबाटकी घाट चढताना बंद पडायची आणि पाऊण तास थांबलं की मुकाट चालू. दुसरीकडे बॅटरी, प्लग, फ्युएल पंप, सगळं बदलून झालेलं. आमच्याकडेही सकाळी एका सेल्फात चालू झाली. पोरगा म्हणाला, "काही नाही हिला, देऊन टाकू." थंड गाडीत गरम गाडीचा फॉल्ट सापडतो का? भर दुपारी एसी लावून मीच घेऊन निघालो. घाट चढायचा, बोगद्यातून परत यायचं. तिसऱ्या फेरीला पडली बंद. सेल्फ मारला आणि आरपीएमचा काटा बघितला. हलेना. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला, तिथेही शून्य. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळत नव्हतं, मग ठिणगी कुठली आणि पेट्रोल कुठलं! इंजिन फिरतंय हे त्याला कळवतो तो क्रँक सेन्सर, त्याच्यावर ओलं फडकं धरलं, दहा मिनिटांत चालू. तीन महागड्या वस्तू उगाच बदलल्या होत्या आणि दोष निघाला अंगठ्याएवढ्या सेन्सरचा. (काही गाड्यांत सेल्फवर काटा तसाही हलत नाही, तिथे स्कॅनरच लावावा लागतो.)

पाण्यात बंद पडली तर सेल्फला हातच लावू नका. एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला दिसला की टोइंग बोलवा.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी फिरतोय? टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा, तुटला असेल. थांबा, धक्काही मारू नका.

चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद फ्युएल पंपाची घूं ऐकू येते का, कान द्या. नसेल तर फ्यूज बघा. हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा असेल तर पंपाच्या जागी लावून बघायला हरकत नाही. पण व्हिडिओ बघून रिलेच्या जागी तार खुपसणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये, जळकं वायरिंग उकलायला मला वेळ नाही.

आणि हो, पेट्रोलचा काटा बघा. हसू नका, महिन्याला एक तरी येतोच.