हिशेबाचं सॉफ्टवेअर घेण्याआधी ते बोलतं का, हे कसं तपासावं

देवगडात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ठेवतो. ‘अंधांना सहज वापरता येतं’ हे विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन धरू नका. चाचणीची प्रत मागा आणि एक अख्खी पावती स्वतः करून बघा.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर संगणकावर टाका. फुकट आहे; मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये ते सुरू केलं. मग माऊस काढून ठेवा. तपासणारा डोळस असेल तर मॉनिटरही बंद करा, नाहीतर नजर चुगली करते.

आता टॅब दाबत पुढे चला. प्रत्येक ठिकाणी नाव आणि प्रकार ऐकू यायला हवा: ‘जतन करा, बटण’. नुसतं ‘बटण, बटण’ आलं तर बनवणाऱ्याने चित्र लावलंय, नाव दिलेलं नाही. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, प्रोग्राम जे सांगतो तेच बोलतो. अशा मुक्या बटणांची यादी करून विकणाऱ्याला द्या, ती दुरुस्त होऊ शकतात.

खरी अडचण मराठीची. बागायतदाराचं नाव पडद्यावर स्वच्छ दिसतं आणि कानावर मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. मी आठवडाभर आवाज बदलत बसलो होतो. दोष आवाजाचा नव्हताच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असतो. डोळ्याला ‘आंबा’ दिसतं, संगणकाकडे मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी इन्सर्ट-कंट्रोल-एस दाबून ईस्पीक एनजी हे बोलणारं इंजिन निवडा आणि आवाज मराठी करा; आवाज इंग्रजी असेल तर चांगला युनिकोड मजकूरही, म्हणजे ज्यात देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवलेलं असतं तोही, धड वाचला जात नाही. मग नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐका. ‘कमल’ला क, म, ल आलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असं आलं तर जुना फॉन्ट.

‘जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर देतो’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कन्व्हर्टर जुन्या फायलींपुरता ठीक, आणि त्यातही जोडाक्षरं तुटलीत का ते ऐकावंच लागतं. रोजच्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये साठवणारं सॉफ्टवेअर मी फुकटही घेणार नाही. एका पेढीत तेच घेतलं आणि तिथल्या अंध कारकुनाला प्रत्येक नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं. त्याचं काम त्याच्या हातातून गेलं, याची मला अजून चीड येते.

तक्त्यात बाणाने फिरताना आकड्यासोबत रकान्याचं नावही ऐकू येतं का बघा. ‘१२’ म्हणजे पेट्या की डझन, हे कळायला हवं. पावतीची पीडीएफ उघडून वाचून घ्या, ती चित्र नसावी.

प्रत्येक अपडेटनंतर ही फेरी पुन्हा मारा. माझं छपाईचं बटण एकदा ऐन हंगामात मुकं झालं. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी अपडेट लावत नाही.