कर्करुग्णांसाठी शासनदरबारी पाठपुरावा कसा करावा

कर्करुग्णांना डबा पोहोचवणारे, रक्त देणारे, मुंबईत राहण्याची सोय करून देणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या हजारो कुटुंबांचे दिवस निभावतात. परंतु परभणी किंवा नंदुरबारच्या रुग्णाला केमोच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबईच का गाठावी लागते, याचे उत्तर शासनाच्या धोरणात आहे आणि ते धोरण बदलण्यासाठी कोणीतरी चिकाटीने मागे लागावे लागते. हे काम वकिलांचे किंवा पुढाऱ्यांचे आहे, असा समज आहे. माझ्या मते ज्याला रुग्णाची अडचण नेमकी ठाऊक आहे आणि ज्याची एका कागदाचा वर्षभर माग काढण्याची तयारी आहे, असा कोणीही नागरिक ते करू शकतो.

अशा पाठपुराव्याने काय साधते, हे आपल्या देशात अनेकदा दिसले आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर शिक्षा आणि परवान्यांची गुंतागुंत यांमुळे कर्करुग्णांच्या तीव्र वेदनांवरचे मॉर्फिन रुग्णालयांतून जवळजवळ दिसेनासे झाले होते. वेदनाशमनाचे काम करणारे डॉक्टर, रुग्णांचे नातेवाईक आणि स्वयंसेवक यांनी सरकारकडे आणि न्यायालयात वर्षानुवर्षे दाद मागितली, तेव्हा 2014 मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसारखी, सोपी पद्धत आली. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारणारा निकाल कायम केला. त्यामुळे महिन्याला लाखाच्या घरात जाणाऱ्या औषधाचा काही हजारांत मिळणारा पर्याय टिकून राहिला. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली, त्यामागेही टाटा रुग्णालयातील डॉक्टर आणि तोंडाच्या कर्करोगातून वाचलेले रुग्ण यांनी मंत्र्यांसमोर मांडलेली कैफियत होती.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. “कर्करुग्णांना न्याय द्या” असे कोणी मोघम म्हटले नव्हते, तर कोणता कायदा, कोणते औषध, कोणती तरतूद हे नेमके सांगितले होते. म्हणून पहिली पायरी मागणी अरुंद करण्याची आहे. “जिल्ह्यात कर्करोगाच्या उपचारांची सोय व्हावी” या वाक्यावर कोणताही अधिकारी सही करू शकत नाही, कारण त्यात त्याने काय करायचे ते लिहिलेले नाही. याउलट “जिल्हा रुग्णालयातील डे-केअर (म्हणजे त्याच दिवशी घरी परतता येईल असा) केमोथेरपी कक्ष आठवड्यातून किमान तीन दिवस चालावा, त्यासाठी एका प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याची व दोन परिचारिकांची नेमणूक व्हावी” ही मागणी कक्ष अधिकाऱ्याला जशीच्या तशी टिपणीत, म्हणजे वरिष्ठांच्या मंजुरीसाठी लिहिल्या जाणाऱ्या कार्यालयीन नोंदीत, उतरवता येते. मागणी टिपणीत उतरवता येत नसेल, तर ती अजून तयार झालेली नाही असे समजावे.

डे-केअरचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची, त्यांपैकी 200 केंद्रे त्याच वर्षी उभारण्याची घोषणा झाली. सरकारने स्वतःच जाहीर केलेली गोष्ट मागणे हे नवे काही मागण्यापेक्षा कितीतरी सोपे असते, कारण तत्त्वाचा वाद संपलेला असतो आणि फक्त “आमच्या जिल्ह्यात केव्हा आणि कसे” एवढेच विचारायचे उरते. नवख्या स्वयंसेवकाने सुरुवात नेहमी अशाच मान्य झालेल्या परंतु अंमलात न आलेल्या गोष्टीपासून करावी.

शासन निर्णय वाचायला शिकणे

यासाठी शासन निर्णय, म्हणजे एखाद्या विभागाने काढलेला लेखी आदेश, वाचता आला पाहिजे. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार शासन निर्णय उपलब्ध असतात. वर विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखाली “वाचा” किंवा “संदर्भ” या शब्दापुढे आधीच्या निर्णयांची यादी असते. मग “प्रस्तावना” आणि त्यानंतर प्रत्यक्ष निर्णय येतो. नवखा माणूस प्रस्तावना वाचून आनंदित होतो, पण प्रस्तावनेतील उदात्त वाक्यांनी कोणावरही बंधन येत नाही. जबाबदारी कोणावर आहे, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यातून) होणार आहे आणि मुदत दिली आहे का, या तीन गोष्टी निर्णयाच्या भागात शोधाव्यात. शेवटी “प्रत” या शब्दाखाली ज्या अधिकाऱ्यांची नावे पदानुसार दिलेली असतात, ती यादी तर जपूनच ठेवावी. अंमलबजावणी अडली की कोणाकडे जायचे, हे त्या यादीवरूनच कळते.

दुसरी अडचण विभागाची असते आणि तिच्यात चांगली चांगली निवेदने वाया गेलेली मी पाहिली आहेत. जिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते आणि त्याचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाकडे असते आणि तेथे अधिष्ठात्यांना भेटावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. अलीकडे अनेक जिल्ह्यांत नवी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्यामुळे पूर्वीचे जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडले गेले आहे. पाटी जुनी आणि विभाग नवा, अशी स्थिती असू शकते. निवेदन चुकीच्या विभागात गेले तर ते “योग्य त्या कार्यवाहीसाठी” दुसरीकडे पाठवले जाते आणि महिनोन्‌महिने भिजत पडते. उपचारांचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून नाकारला जात असेल, तर प्रश्न ही योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचा असतो. 1 जुलै 2024 पासून या योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब 5 लाख रुपयांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्यात आले आहे. तरीही रुग्णाला नकार मिळत असेल, तर तो पूर्वमान्यतेच्या (उपचारांआधी घ्यायच्या मंजुरीच्या) टप्प्यावर मिळाला की उपचार पॅकेजच्या यादीतच नाही, हे आधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीकडून, लेखी समजून घ्यावे. पूर्वमान्यतेतील नकार हा तक्रारीचा विषय आहे, उपचार यादीतच नसणे हा धोरणात्मक मागणीचा, आणि दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

हा फरक लोकशाही दिनाच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच स्वीकारली जाते. एखाद्या रुग्णाचा अडलेला दाखला तेथे मार्गी लागू शकतो, पण जिल्ह्यात केमोची सोय करण्याची मागणी तेथे नेली तर ती परत मिळेल.

आकडे गोळा करणे

मागणी ठरली आणि कार्यालय कळले की आकडे जमवावेत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हे त्यासाठीचे सर्वांत भरवशाचे साधन आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो आणि जनमाहिती अधिकाऱ्याने 30 दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते.

प्रश्न “का” असे विचारू नयेत. “केमोथेरपी कक्ष बंद का आहे” या प्रश्नाला कारणे सांगण्याचे बंधन नाही, असे उत्तर येते. त्याऐवजी नोंदीच मागाव्यात: मागील बारा महिन्यांत केमो दिलेल्या रुग्णांची महिनावार संख्या, या कामासाठी मंजूर, भरलेली व रिक्त पदे, प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची संख्या, ठरावीक पाच औषधांच्या साठा नोंदवहीच्या प्रती. साठा नोंदवहीत एखादे औषध सलग दोन महिने शून्य दिसले, तर त्या एका पानाचे वजन दहा भाषणांपेक्षा अधिक असते. औषधांची नावे नेहमी मूळ जेनेरिक नावाने विचारावीत, कोणत्याही कंपनीच्या नावाने विचारू नयेत.

आकड्यांसोबत रुग्णाचा अनुभवही लागतो, मात्र तो त्याच्या लेखी संमतीनेच वापरावा आणि त्याला नाव, गाव, छायाचित्र यांपैकी काय प्रसिद्ध करायचे ते स्वतंत्रपणे विचारावे. पुष्कळ रुग्णांनी शेजाऱ्यांनाही आजार सांगितलेला नसतो; मुलीच्या लग्नाची काळजी असलेल्या घरात तर ही बाब फार नाजूक असते. केमो चालू असलेल्या रुग्णाला शिष्टमंडळात नेण्याचा मोह टाळावा. केमोनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी कमी होतात आणि मंत्रालयाच्या गर्दीतून लागलेला साधा संसर्गही त्याला महाग पडू शकतो. उपचार पूर्ण झालेले, बोलण्याची मनापासून इच्छा असलेले रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक सोबत असावेत.

निवेदन

निवेदन एका पानाचे असावे. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात संबंधित शासन निर्णयाचा किंवा घोषणेचा संदर्भ आणि चौथ्यात विनंतीची मुदत, इतके पुरे. मजकूर साधारण असा असू शकतो: “जिल्हा रुग्णालयात मागील बारा महिन्यांत केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांची संख्या सोबत जोडलेल्या माहितीनुसार अत्यल्प असून, प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे. सदर पद तातडीने भरण्यात यावे आणि तोपर्यंत आठवड्यातून दोन दिवस प्रतिनियुक्तीने अधिकारी उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.” सोबत माहिती अधिकारातील उत्तराची प्रत जोडावी. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि दिनांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. तो आवक क्रमांक हीच पुढच्या सगळ्या पाठपुराव्याची किल्ली असते. साहेबांनी हातात घेऊन “बघतो” म्हटलेला कागद सापडेलच असे नाही. आवक झालेला कागद मात्र शोधता येतो.

लोकप्रतिनिधी आणि वेळ

आमदारांकडे जाताना त्यांनी काय करावे हे सांगणारी स्वतंत्र विनंती न्यावी, कारण नुसती सहानुभूती मिळवून परतण्यात अर्थ नाही. विधिमंडळात ते तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) विचारू शकतात, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देऊ शकतात, अर्थसंकल्पावरील चर्चेत मुद्दा मांडू शकतात. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीपूर्वीच प्रश्नाचा मसुदा त्यांच्या स्वीय सहायकाकडे पोहोचलेला असावा. प्रश्न तुम्हीच लिहून द्यावा. तयार मसुदा दिला तर काम पुढे सरकते. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले उत्तर आणि विशेषतः आश्वासन नोंदले जाते, आणि आश्वासनांच्या पूर्ततेवर लक्ष ठेवणारी विधिमंडळाची समितीही असते. त्यामुळे सभागृहातील एक वाक्य हे कार्यक्रमात हार घालून मिळालेल्या दहा आश्वासनांपेक्षा मोलाचे आहे.

खाटा, इन्फ्यूजन पंप (शिरेतून औषध ठरावीक गतीने देणारे यंत्र), औषधांसाठी फ्रिज अशा स्थानिक गरजांसाठी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती अधिक जवळची आहे. तिच्या पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी हिवाळ्यातच होत असल्याने प्रस्ताव ऑक्टोबरच्या सुमारास जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत जावा. येथे डॉक्टरांना सोबत घेणे अत्यावश्यक आहे. रुग्णालयाने स्वतः न मागितलेले यंत्र नागरिकांच्या आग्रहाने आले, तर ते खोक्यातच पडून राहण्याची भीती असते.

गावपातळीवर ग्रामसभेला कमी लेखू नये. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्री करण्यास 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने मनाई आहे. तिची अंमलबजावणी मागणारा आणि उपकेंद्रात 30 वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाच्या आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी नियमित व्हावी असे म्हणणारा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. असे दहा गावांचे ठराव जोडलेले निवेदन तालुक्यात कोणी सहसा बाजूला ठेवत नाही.

विश्वासार्हता

औषध कंपनीकडून प्रवासखर्च, सभागृहाचे भाडे किंवा देणगी घेतली असेल, तर ती निवेदनातच जाहीर करावी. शक्य असल्यास घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण औषध स्वस्त करण्याची मागणी करणाऱ्याच्या मागे ते औषध विकणारा उभा आहे, असा संशय एकदा आला की खऱ्या मागणीचेही नुकसान होते. त्याचप्रमाणे पक्षीय झेंड्याखाली शिष्टमंडळ नेऊ नये. सत्ता बदलली तरी रुग्णांची रांग तीच असते. आचारसंहितेच्या काळात नव्या घोषणा होत नाहीत, तेव्हा त्या आठवड्यांत माहिती गोळा करावी आणि उमेदवारांकडून लेखी भूमिका मागून ठेवावी.

निर्णय झाल्यानंतर

मागणी मान्य झाली की बहुतेक गट विसर्जित होतात आणि काम नेमके तेथेच अडते. आदेशाची प्रत मिळवून ती रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावण्याची विनंती करावी, आशा सेविका आणि आरोग्यमित्र यांना समजावून सांगावी आणि तीन महिन्यांनी माहिती अधिकारात पूर्वीचेच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावेत. शब्द तेच ठेवले तरच आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते. संख्या वाढली असेल तर डॉक्टर व परिचारिकांचे लेखी अभिनंदन करून त्याची प्रत वरिष्ठांना पाठवावी. वाढली नसेल, तर दोन्ही उत्तरे एकत्र जोडून पुढचे निवेदन त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन त्याच आठवड्यात दाखल करावे.