पुस्तक वाचलंय आणि आता त्याचा सिनेमा आलाय, तर तो कसा बघायचा (आणि बेतीच्या फेरीबोटीत भांडण कसं टाळायचं)

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाहीये. २००५ साली हॅरी पॉटरचा चौथा सिनेमा लागला तेव्हा मी कॉलेजात होतो, पणजीसमोर मांडवी नदीपलीकडे बेतीला मावशीकडे राहायला गेलेलो, आणि मावसभावाला घेऊन पणजीच्या आयनॉक्सात गेलो. आयनॉक्स तेव्हा नवंकोरं, आदल्याच वर्षी इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आली तेव्हा झालेलं, त्यामुळे तिथे सिनेमा बघणं हाच एक सोहळा होता. मी पुस्तक दोनदा वाचलेलं, त्याने एक पानही नाही. सिनेमा सुटला आणि माझं तोंड जे सुटलं ते मांडवी ओलांडून जाईपर्यंत बंद झालं नाही.

विषय होता डंबलडोर, हॅरीच्या जादूच्या शाळेचा म्हातारा हेडमास्तर. एका जीवघेण्या स्पर्धेसाठी नावं निवडणाऱ्या अग्नीच्या चषकातून हॅरीचं नाव बाहेर येतं तेव्हा पुस्तकातला डंबलडोर त्याला शांतपणे विचारतो की तू नाव टाकलंस का, अगदी 'शांतपणे' असं लिहिलंय. सिनेमात डंबलडोर झालेला मायकल गँबन धावत येतो, पोराला खांद्याला धरून गदागदा हलवतो आणि ओरडतो. जगभरचे वाचक आजही यावरून जोक मारतात. मी फेरीबोटीत ताडताड बोलत होतो आणि भाऊ म्हणाला, "अरे पण पोराच्या जिवावर बेतलंय, म्हातारा ओरडणारच ना मरे." यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आम्ही बोलत नव्हतो आणि मावशी विचारतेय, काय झालं रे तुम्हांला, सिनेमाच बघून आलात ना?

नंतर लक्षात आलं की आपल्या डोक्यात दोन तक्रारी एकत्र कालवलेल्या असतात. एक वाचकाची, म्हणजे 'हे पुस्तकात असं नव्हतं'. दुसरी प्रेक्षकाची, म्हणजे 'हे पडद्यावर जमलं नाही'. या दोन वेगळ्या करायला शिकलात की अर्धं काम झालं, आणि खालचं सगळं त्याच्याचसाठी आहे.

जायच्या आधी एकच करा, पुस्तक परत वाचू नका. लोक नेमकं उलटं करतात, आठवडाभर आधी उजळणी करतात परीक्षेसारखी, मग थिएटरात बसून मनात टिकमार्क करत राहतात, हे आलं, हे गेलं, हे बदललं. त्यापेक्षा आहे ते थोडं विसरलेलं बरं.

दुसरं म्हणजे सोबत एक न वाचलेलं माणूस न्या. हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. त्याला शेजारी बसवायचं आणि स्वतः गप्प बसायचं (हे कठीण आहे, मला माहितीये), आणि तो काय विचारतो तेवढंच लक्षात ठेवायचं. माझ्या भाचीला घरी टीव्हीवर तिसरा पॉटर दाखवला, २००४ चा, तेव्हा ती नऊ वर्षांची. त्यात तो जादूचा नकाशा आहे, सगळ्या शाळेत कोण कुठे फिरतंय ते दाखवणारा. मास्तर ल्युपिन हॅरीकडून नकाशा काढून घेतो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, याला कसं कळलं हा नकाशा आहे? तो तर कोरा कागद आहे ना?" मी ताडकन उठून बसलो! कारण पुस्तकात याचं उत्तर आहे, नकाशा बनवणाऱ्या चौघांत तो स्वतः होता आणि हॅरीचे वडीलही, आणि सिनेमाने ती गोष्ट सांगितलीच नाही. इतकी वर्षं मी ते गाळल्याबद्दल वाचक म्हणून चिडत होतो, पण पुस्तक न वाचलेल्या पोरीलाही तिथे खड्डा दिसला म्हणजे ही प्रेक्षकाची तक्रार झाली, पक्की. उलट त्या चौथ्या सिनेमात गाळलेल्या कित्येक गोष्टी तिला जाणवल्यासुद्धा नाहीत. जे तिला खटकलं नाही त्याच्यावर मी आता जास्त ओरडत नाही.

इंटरव्हलचं वेगळं सांगायला पाहिजे. हे सिनेमे इंटरव्हल धरून बनवलेलेच नसतात, आपल्याकडे मध्येच कुठेतरी कापून लाइट लावतात, आणि नेमकं तेव्हा वाचणारा माणूस न वाचलेल्याला 'आता पुढे काय होतं माहितीये का' सुरू करतो. करू नका. पॉपकॉर्न आणायला तुम्हीच जा, रांगेत उभे राहा, तेवढा वेळ जातो.

आता सिनेमा बघून झाला, राग आलाय. बोलण्याआधी स्वतःला विचारा की हे का काढलं असेल. हिशेब करून बघा ना, चौथं पुस्तक इंग्लंडच्या पहिल्या आवृत्तीत ६३६ पानांचं, सिनेमा १५७ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला चार पानं. काहीतरी जाणारच. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पहिल्या भागात बिल्बोचा वाढदिवस होतो आणि त्यानंतर फ्रोडो घर सोडतो त्याच्यामध्ये पुस्तकात १७ वर्षं जातात, सिनेमात वाटतं की थोड्याच दिवसांत निघाला. मागे संकट लागलंय हे दाखवायचं तर १७ वर्षं थांबून चालणार नाही, हे कळतं. वाटेत भेटणारा टॉम बॉम्बाडिल पूर्णच उडवला, तेही कळतं, तो माणूस गोष्ट जागच्या जागी थांबवतो. पुढच्या भागातल्या फारामिर नावाच्या सरदाराचं मात्र मला अजून पटत नाही. फ्रोडोकडे जी भल्याभल्यांना भुलवणारी अंगठी असते तिचा मोह पुस्तकात तो सरळ नाकारतो, सिनेमात आधी फ्रोडोला धरून नेतो आणि मग सोडतो. करणाऱ्यांचं म्हणणं असं की एखादा माणूस इतक्या सहज नाही म्हणाला तर अंगठीची भीतीच संपते. कारण ऐकलं, मान्य नाही, पण निदान आता मी 'वाट लावली' म्हणत नाही, 'इथे मला चांगला माणूस हवा होता' असं म्हणतो. आणि नुसतं लांबवूनही भलं होत नाही, ते हॉबिट बघा, तीनेकशे पानांचं पुस्तक आणि तीन सिनेमे मिळून जवळपास ८ तास. तिथे लोकांची तक्रार उलटी, एवढं घातलंत कशाला!

आपल्याकडे खरं तर ही सवय आधीपासून आहे. गोव्यात पेडण्याकडे दशावतारी काल्याला, म्हणजे रात्रभरच्या नाटकाला जा, संकासूर राक्षस येणार, मारला जाणार, आख्यान काय ते म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ, तरी रात्रभर बसतात. 'पुराणात हे वाक्य नव्हतं' असं कोणी म्हणत नाही, आज राजा कसा बोलला, लढाई कशी झाली यावर सकाळी घरी जाताना चर्चा. फरक एवढाच की ती कथा सगळ्यांनी मिळून ऐकलेली असते आणि पुस्तक आपण एकट्याने वाचलेलं, त्यातला चेहरा आपणच काढलेला, म्हणून दुसऱ्याचा चेहरा बघून आपल्याला राग येतो. काल्याला गेल्यासारखं बसून बघा एकदा.

मग लिहायचं असेल तर, ग्रुपवर किंवा कुठेही, त्याच रात्री लिहू नका. आणि सुरुवात 'पुस्तकच भारी' इथून करू नका, ते सगळे म्हणतात, त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. एक सीन घ्या आणि त्याच्यावर बोला. पर्सी जॅक्सनचं उदाहरण, पुस्तकातला पोरगा १२ वर्षांचा, २०१० च्या सिनेमात १६ चा केला. नुसतं 'वय चुकवलं' लिहिलंत तर भांडण, पण बारा वर्षांच्या पोराला आपला बाप देव आहे हे कळणं आणि मिसरूड फुटलेल्याला कळणं यात काय फरक पडतो ते लिहिलंत तर न वाचलेलाही ऐकेल. (२०२३ ला सिरीज आली तिच्यात लहान पोरगा घेतला, म्हणजे ओरडणाऱ्यांचं अगदीच चुकत नव्हतं.) शेवट फोडणार असाल तर वर आधी सांगा. पुस्तक वीस वर्षं जुनं आहे ही सबब चालत नाही, समोरचं पोर दहा वर्षांचं असू शकतं.

आणि ज्याला सोबत नेलं होतं त्याला सिनेमा आवडला असेल तर त्याचा मूड घालवू नका, पुस्तक हातात द्या. घरी नसेल तर पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बघा, पॉटर मराठीतही आलेला आहे. भाचीला मी तसंच केलं, ती आता तिसऱ्यावर आहे, आणि नकाशा कोणी बनवला ते सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, स्वतः वाचून फोन करणार आहे म्हणे.